साच्याला लावलेली हळद

महाळुंग्याच्या या सोसायटीत मी राहायला आले त्या आठवड्यात लिफ्टमध्ये एका शेजारणीने विचारलं, "काकू, तुम्ही नोकरीत काय करत होतात?" मजले चारच उरले होते, म्हणून मी थोडक्यात सांगितलं, "जेली करत होते." दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा निरोप आला. पेरूची जेली घट्ट होत नाहीये, काय घालू? मी कळवलं, लिंबाचा रस घाला आणि धीर धरा. तिची जेली झकास झाली आणि मी कायमची जेलीवाल्या काकू झाले. आता दिवाळी अंकाने पानं दिलीच आहेत, तर एकदा नीट सांगून टाकते.

माझ्या गॅलरीतून समोर चार इमारती उठताना दिसतात. प्रत्येकीला बाहेरून बांबूची नाहीतर लोखंडी परांची बांधलेली आहे. गवंडी तिच्यावर उभा राहतो, भिंत वर येते, भिंत झाली की परांची उतरवतात. आम्ही हेच करत होतो, फक्त आमचे गवंडी म्हणजे माणसाच्या शरीरातल्या पेशी. मोठं भाजलं किंवा खोल जखम झाली की कातडी आपली आपण परत येत नाही. कडेने थोडी सरकते आणि दमते. मधल्या मोकळ्या जागेत पेशींना पाय ठेवायला काहीतरी लागतं. ते काहीतरी बनवणं हा आमचा धंदा. आमची परांची जिलेटीनची आणि कोळंबीच्या टरफलांतून काढलेल्या कायटोसान नावाच्या पदार्थाची असायची. ती उतरवावी लागत नाही. कातडी तयार होता होता शरीरच तिला हळूहळू पचवून टाकतं.

अशा जेलीत बहुतेक सगळं पाणीच असतं, पण उभं राहणारं पाणी. हे पाणी उभं करणं फार अवघड नाही, माझं अर्धं आयुष्य डिंक आणि गोंद बनवणाऱ्या कारखान्यात गेलेलं आहे. अवघड आहे ती जाळी. मिश्रण साच्याच्या खाचांमध्ये ओतायचं, गोठवायचं आणि हवा काढून घेतलेल्या यंत्रात सुकवायचं. बर्फाचे कण उडून जातात आणि ते होते तिथे भोकं राहतात. हातात येतो नखाएवढा पांढरा, जाळीदार तुकडा. द्रावणात टाकला की पाणी पिऊन पुन्हा जेली होतो. भोकं उघडी असली तर पेशी आत शिरून बिऱ्हाड मांडतात. वर साय धरली तर बिचाऱ्या छपरावर बसून उपाशी मरतात. आणि कधी कधी अख्खा तुकडाच द्रावणात विरून जातो. त्याला आमच्या प्रयोगशाळेत एकच शब्द होता, "हसला." तेलात टाकलेला अनारसा फुटून पसरतो तेव्हा म्हणतात तसा.

हा शब्द आणला मालनबाईंनी. आमची प्रयोगशाळा म्हणजे नांदे गावात भातखाचराच्या कडेला भाड्याने घेतलेली एक शेड. मालनबाई तिथे काचेची भांडी धुणं, वाफेवर निर्जंतुक करणं, साफसफाई हे सगळं बघायच्या. राहायला जवळच्या रिहे गावात, घर धनगराचं, दारात पंधरा-वीस शेळ्यामेंढ्या. शाळा चौथीपर्यंत, नजर मात्र अशी की तुकडा द्रावणात सोडायच्या आधी लांबूनच म्हणायच्या, "म्याडम, ह्यो हसनार." आणि तो हसायचा. मी पीएच.डी.ची बाई, मला कळायचं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "त्येच्या तोंडाकडं बघा की."

त्यांचे सासरे धोंडीबाबा हे आमचं एकमेव गिऱ्हाईक म्हणायला हरकत नाही. महिन्यातून एकदा काठी टेकत शेडच्या दारात यायचे आणि गुडघ्यावर थाप मारून म्हणायचे, "बाई, झाली का तुमची जेली? हितं भरा की वाईच." मी समजावायची, बाबा, ही कातडीसाठी आहे, गुडघ्यासाठी नाही, आणि अजून प्रयोगच चालू आहेत. ते मान हलवायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यायचे. एकदा म्हणाले, "मंग आधी माज्या शेळीला लावून बगा, तिचा कान तारंत फाटलाय." शेळीवर ते करता येणार नाही म्हटल्यावर मात्र रुसले.

तर सांगायची गोष्ट अशी, की त्या वर्षी आमच्या गळ्याशी आलं होतं. वरच्या कार्यालयातून स्पष्ट कळवलं होतं की भाऊबीज झाल्यावर साहेब लोक येतील. तोपर्यंत आमच्या तुकड्यात पेशी जगलेल्या दिसल्या तर काम पुढे चालेल, नाहीतर बंद, आणि शेड गोदामासाठी देऊन टाकणार. आम्ही चौघं होतो. मी, मालनबाई, सूक्ष्मदर्शकावर काम करणारी ऋतुजा आणि आमचे प्रमुख निखिल सर. सर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलणं सगळं हिंजवडीच्या आयटीवाल्यांच्या वळणाचं. मला निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता. माझं काही अडलं नसतं. पण कर्जावर घर घेतलेली ऋतुजा आणि घरची एकमेव पगारदार असलेल्या मालनबाई, यांचं अडलं असतं.

दसरा जवळ आला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा दरवर्षीच असायची. इनक्युबेटरच्या, म्हणजे पेशी वाढवण्यासाठीच्या उबदार कपाटाच्या, दाराला मालनबाई हळदीकुंकवाची पाच बोटं ओढायच्या. मी नाक मुरडायची आणि गप्प बसायची. त्या वर्षी मात्र आमची सगळ्यांचीच भक्ती उतू गेली. पाट मांडला. निखिल सरांनी लॅपटॉप ठेवला, ऋतुजाने थेंब मोजून सोडायची आपली आवडती पिपेट ठेवली, मालनबाईंनी बाटल्या धुवायचा ब्रश ठेवला. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्याडम, तुमचं हत्यार कुटंय?"

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी आत गेले आणि थोरला साचा घेऊन आले. जाड पांढऱ्या प्लास्टिकचा, अठ्ठेचाळीस खाचांचा, मीच आखून करून घेतलेला. पाटावर ठेवला आणि माझ्याच बोटाने त्याच्या कोपऱ्यावर हळद लावली. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामाला लागले. साच्याची हळद स्पिरिटने स्वच्छ पुसली, दोनदा पुसली. मिश्रण ओतलं, गोठवलं, सुकवलं. तुकडे धुतले, काहींवर पेशी सोडल्या, काही तुलनेसाठी तसेच रिकामे ठेवले. आठवड्याने ऋतुजाने जिवंत पेशी ओळखायचा रंग घातला. हा रंग जिवंत पेशीत शिरला की निळ्या प्रकाशात ती हिरवी चमकते. मेलेली चमकत नाही. ऋतुजाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि किंचाळलीच.

हिरवंगार! कडेपासून कडेपर्यंत हिरवंगार. आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो. निखिल सर म्हणाले, "मॅडम, धिस इज ह्यूज!" आणि त्यांनी तो फोटो तिथल्या तिथे वरच्या कार्यालयात पाठवून दिला. मालनबाईंनी गूळ वाटला. ऋतुजा म्हणाली, रिकामा तुकडा पण बघून घेऊ का? मी म्हटलं, "राहू दे गं, उद्या बघ." हे वाक्य मी माझ्या हाताखालच्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर त्याची खैर नव्हती.

दोन दिवसांनी सरांना सादरीकरणासाठी रिकाम्या तुकड्याचा फोटो हवा होता. ऋतुजाने तो काढला आणि मला हाक मारली. आवाज वेगळाच होता. मी डोळा लावला. रिकामा तुकडाही हिरवागार. ज्यात एकही पेशी सोडलेली नाही, असा तुकडा! कुणीच राहत नसलेल्या घरात सगळे दिवे लागलेले दिसावेत तसं झालं. म्हणजे आम्ही पाहिलं ते पेशींचं हिरवं नव्हतंच. दुसरंच काहीतरी चमकत होतं.

निळ्या प्रकाशात हिरवं चमकणारं आणखी काय असतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. हळद. आणि डोळ्यांसमोर आली ती इनक्युबेटरच्या दारावरची पाच बोटं.

मग मी जे केलं त्याची लाज अजून जात नाही. मालनबाईंना सगळ्यांसमोर बोलावलं. निखिल सर होते, ऋतुजा होती, गॅसचं सिलिंडर द्यायला आलेला माणूससुद्धा होता. मी तोंड सोडलं. तुमच्या अंधश्रद्धेपायी सगळं काम मातीत गेलं म्हटलं. त्या म्हणाल्या, "म्या दाराला लावली म्याडम. आत बोट घातलं न्हाई." मी म्हटलं, "आता पुन्हा कशाला हात लावायचा नाही." त्यांनी ॲप्रन काढला, घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाही.

त्या तिसऱ्या दिवशी मी उरलेले रिकामे तुकडे एकेक करून तपासायला बसले. आमच्याकडे दोन साचे होते, थोरला आणि धाकटा. धाकट्याचे तुकडे त्याच इनक्युबेटरमध्ये, त्याच फळीवर ठेवलेले होते आणि ते भिंगाखाली काळेच दिसत होते. हिरवे सगळे थोरल्याचे. त्यांतही एका कोपऱ्यातल्या खाचांचे तुकडे सगळ्यात जास्त हिरवे. मी तो कोपरा बघत राहिले. त्या कोपऱ्यावर हळद लावणारं बोट माझं होतं.

पण मी तर पुसली होती, तीही स्पिरिटने! उठून दोन चंचुपात्रं घेतली. एकात पाणी, एकात स्पिरिट, दोन्हीत चिमूट चिमूट हळद. पाण्यातली हळद तळाशी जाऊन बसली. स्पिरिट सोन्यासारखं पिवळंधमक झालं. हळदीतला चमकणारा अंश पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये मात्र झटकन विरघळतो. म्हणजे मी पुसत नव्हते, कोपऱ्यावरची हळद पातळ करून अठ्ठेचाळीस खाचांमध्ये नीट वाटत होते. नुसत्या कोरड्या फडक्याने पुसली असती तर एवढं झालं नसतं. मालनबाईंनी तसंच पुसलं असतं.

निखिल सरांना सांगितलं. ते भले माणूस, माझ्यावर चिडले नाहीत. पण त्यांना घाम फुटला. "मॅडम, फोटो ऑलरेडी गेलाय. आपण मीटिंगमध्ये फक्त कंटॅमिनेशन झालं असं म्हणू. एवढं डिटेलमध्ये कशाला जायचं?" मला ते पटलं. कंटॅमिनेशन, म्हणजे बाहेरचं काहीतरी मिसळणं, हा शब्द मोठा सोयीचा असतो, त्यात कुणाचंच बोट दिसत नाही.

त्या दुपारी गाडी काढून घोटवड्यावरून रिह्याला गेले. वसुबारस होती. खाचरात भात पिवळा झाला होता. धोंडीबाबा दारात शेळीच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते. मला बघून त्यांना वाटलं जेली आली. आत मालनबाई अनारसे तळत होत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा कढईकडे पाहिलं. अनारसा तेलात असताना उठता येत नाही, त्यामुळे मला उभ्याउभ्याच सुरुवात करावी लागली. साचा, स्पिरिट, कोपरा, बोट, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "मालनबाई, चूक माझी होती. मला माफ करा."

त्यांनी झाऱ्याने तेल अनारशावर उडवलं. "बसा," म्हणाल्या. मी बसले.

"ह्यो उलटायचा नस्तोय," त्या म्हणाल्या. "खालनं आच, वर जाळी. उलटला की जाळी बुजती."

मला वाटलं, विषय संपला. तर त्या तशाच कढईत बघत म्हणाल्या, "म्याडम, तुमी मला बोललात कुटं?"

"शेडमध्ये."

"कुनाम्होरं?"

मी कढईतल्या तेलाकडे बघू लागले.

"चार मान्सांम्होरं बोललात. शिलिंडरवाला बी हुता. आन मापी हितं मागताय, माज्या चुलीपाशी. हितं कोन हाय? म्हातारा, त्येला ऐकू येत न्हाई."

"ऐकू येतंय की," बाहेरून धोंडीबाबा म्हणाले.

मला हसू आलं नाही. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब चोख होता. मी म्हटलं, "भाऊबिजेनंतर साहेब येणार आहेत. तुम्ही या. त्यांच्यासमोर सांगते."

"यीन," त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढे चार अनारसे ठेवले. मी चारही खाल्ले.

तुम्हाला वाटेल की त्या अनारशाने माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तसं काही झालं नाही. खालून गोठवलं तर बर्फाचे कण सरळ वर चढतात आणि वरची साय टळते, हे मी कितीदा वाचलेलं होतं. पण त्याला धातूच्या तळाचा साचा लागतो, आणि माझा जीव त्या पांढऱ्या साच्यात अडकलेला. इतकी वर्षं मी टाळत होते. आता तो साचा कायमचा हळदीचा झाला होता. टाळायला काही उरलं नव्हतं.

साहेब तिघे आले. मालनबाई हिरवं नऊवारी नेसून आल्या होत्या आणि चहा द्यायला निघाल्या, तेव्हा मी त्यांना माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. निखिल सर माझ्याकडे बघत होते. मी उभी राहिले. म्हटलं, "तुम्हाला पाठवलेला फोटो चुकीचा आहे. ते हिरवं पेशींचं नाही, हळदीचं आहे. हळद मी माझ्या हाताने साच्याला लावली, माझ्याच हाताने चुकीची पुसली, रिकामा तुकडा तपासू नको असंही मीच सांगितलं. आणि या मालनबाईंवर मी सगळ्यांसमोर खोटा आळ घेतला. त्यांची मी इथे सगळ्यांसमोर माफी मागते. धाकट्या साच्याच्या तुकड्यांतल्या खऱ्या पेशी मोजल्या आहेत. थोड्याच जगल्या आहेत, त्याही नुसत्या वरच्या सायीवर."

सगळ्यात वयस्कर साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे बाई, तुम्ही स्वतःच्याच साच्याची पूजा केलीत?"

"हो."

"आणि देव प्रसन्न होण्याऐवजी साचा प्रसन्न झाला?"

पहिल्यांदा मालनबाई हसल्या, मग सगळेच. मला घाम सुटलेला होता तरी मी हसले. साहेबांनी विचारलं, आता काय? मी धातूच्या तळाचा साचा कागदावर काढून दाखवला. बराच वेळ त्यांचं आपसांत बोलणं झालं. शेवटी ते म्हणाले, "होळीपर्यंत बघू. आणि होळीला रंग लांब ठेवा."

पिरंगुटला एका छोट्या वर्कशॉपात नवा साचा करून घेतला. तिथला टर्नर कागद उलटसुलटा करून म्हणाला, "म्याडम, येवढ्या बारक्या इडल्या खानार कोन?" पहिल्या खेपेचे तुकडे हसले. दुसऱ्या खेपेचेही हसले. तिसऱ्या खेपेला मालनबाईंनी सुकलेला तुकडा उजेडात धरला, फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "ह्यो न्हाई हसायचा."

नाही हसला. पेशी सोडल्या, आठवडा काढला. होळीला थोडे दिवस होते. ऋतुजाने रंग घातला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी म्हटलं, "आधी मालनबाई." त्या हात पुसत आल्या. डोळा कुठे लावायचा ते ऋतुजाने दाखवलं.

"हितं तर कायबी न्हाई," त्या म्हणाल्या. "नुसता अंदार हाय."

तो रिकामा तुकडा होता. आयुष्यात अंधाराचा इतका आनंद मला कधी झाला नाही. मी ऋतुजाचा हात धरला आणि दुसरा तुकडा भिंगाखाली ठेवायला सांगितलं.

मालनबाई पुन्हा भिंगावर वाकल्या. त्यांची पाठ तेवढी आम्हाला दिसत होती. मग हळूच म्हणाल्या, "लई हायेत की. आतपर्यंत हायेत." डोळा न काढताच त्यांनी विचारलं, "म्याडम, ह्ये जित्तं हाय?"

"जिवंत आहे."

"हळद न्हाई ना?"

"नाही."

त्यांनी डोळा काढला आणि माझ्याकडे वळल्या. डोळे पाण्याने भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच.

"मंग मला एकलीलाच काय दावताय? बोलवा की समद्यांना."

मी दार उघडलं आणि निखिल सरांना हाक मारली. बाहेर सिलिंडर उतरवत असलेला तोच माणूस दिसला, त्यालाही आत बोलावलं.